चमचाभर विरजण

हॅम्बर्गच्या विमानतळावर तपासणीत मधुकररावांचा स्टीलचा डबा बाजूला निघाला.

"डबा मोठा आहे. शंभर मिलिलीटरच्या वर चालत नाही," तपासणीवाली म्हणाली.

"आत चमचाभरच दही आहे हो, बघा ना!"

"आत किती ते नाही, डबा केवढा ते बघतात. इंडियात दही मिळत नाही का?"

"मिळतं. माझ्या बायकोचं नाही मिळत."

यमुनाने लावलेल्या शेवटच्या दह्याचं विरजण होतं ते. ती गेल्यापासून मधुकरराव रोज त्यावरच दूध विरजत होते. आता इथलं घर कायमचं बंद झालं होतं. सामानात सांडेल म्हणून डबा हातात ठेवला, तिथेच चुकलं.

तपासणीवालीने कचऱ्याची बादली पुढे ओढली, तेव्हा त्यांना एकदम आठवलं, लग्नानंतर इकडे येताना यमुनाने विरजण कशात आणलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, दह्यात बुडवला आणि तसाच घडी करून परत ठेवला. घरी पोचल्यावर कोमट दुधात सोडला की दही लागेल. रुमालाला कुणी अडवलं नाही.

विमान उडाल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. डोळे त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसले.