कडीतला चमचा

तळाशी जहाज दिसलं आणि ती इतकी हरखली की श्वास घ्यायलाच विसरली. पुढे पोहणारी मास्तरीण वळली. तिने स्वतःच्या तोंडातल्या नळीवर बोट टेकवलं: आधी श्वास.

पाणी कोमट होतं, आणि इतकं नितळ की कठड्याचे गज मोजून घ्यावेत. जहाज वाळूत ऐसपैस बसलं होतं. पिवळ्या माशांची झुंड एका खिडकीतून आत शिरली, दुसरीतून बाहेर पडली, अगदी घरच्यासारखी.

वर होडीत तिचे बाबा बसले होते. बारा वर्षांपूर्वी वादळात हे जहाज बुडालं, तेव्हा ते त्यावर आचारी होते. सगळे सुखरूप उतरले, सगळ्यांत शेवटी बाबा, कारण ते भटारखान्याला कडी लावायला मागे फिरले होते. कुलूप सापडेना म्हणून कडीत चमचा खोचला, असं ते सांगायचे. बुडत्या जहाजाला कडी, म्हणून घरात बारा वर्षं हसून झालं होतं. पण हल्ली बाबा किल्ल्या विसरायचे, गॅस विसरायचे, आणि थोरला भाऊ म्हणायला लागला होता, "ती चमच्याची गोष्टसुद्धा मनानेच रचलेली असणार. आता त्यांना एकटं ठेवायला नको." पंधरा दिवसांपूर्वी बाबाच हळूच म्हणाले, "ठमे, मला आठवतंय ते खरं असेल ना गं? बघून ये एकदा."

म्हणून पन्नाशीला टेकलेली ठमी आठवडाभर नाकातोंडात पाणी घेत हे सगळं शिकली होती.

शिडीच्या डावीकडचं दुसरं दार, बाबांनी सांगितलं होतं. शिडी होती. डावीकडे दुसरं दार होतं. दाराला पितळी कडी होती, हिरवी पडलेली. आणि कडीत, शेवाळाने माखलेला, दांड्यात वाकलेला चमचा.

तिला बोंबलावंसं वाटलं, पण तोंडात नळी. तिने चमचा हिसकून काढला, मास्तरणीच्या नाकासमोर नाचवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ताठ वर केला. घरच्या ग्रुपवर ती गेली कित्येक वर्षं दुसरं काही लिहीतच नसे.

पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ एकच: मला वर न्या. पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मास्तरणीने तिचा दंड धरला आणि हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. ठमी जोरजोरात मान हलवू लागली, तशी मास्तरणीला वाटलं, बाईचा जीव भलताच घाबरा झालाय. तिने पकड आणखी घट्ट केली. खाली भटारखान्याचं दार सावकाश उघडलं आणि पिवळे मासे आत डोकावले.

होडीच्या काठाला धरून ठमीने नळी ओढून काढली. "बाबा, होता. कडीतच होता."

बाबांनी चमचा हातात घेतला. वाकलेल्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "बरणीचं झाकण उघडताना वाकवला होता मी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "थोरल्याला फोन लाव. आत्ता लाव."

मग त्यांचा हात थांबला.

"ठमे, मग आता कडीत काय आहे?"

ठमीने मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरीण म्हणाली, "बुडालेल्या जहाजावरचं काही वर आणायचं नसतं, ताई. तासभर दम खा. मग हवेची दुसरी टाकी लावून चमचा परत ठेवून येऊ."

बाबांनी सदऱ्याच्या टोकाने चमचा पुसून लख्ख केला आणि लेकीच्या हातात दिला.

"खोचलास की कडी एकदा ओढून बघ," ते म्हणाले. "मी बघितली होती."