वर्सोव्याची मोजणी

नकाशा हा जमिनीचा जन्मदाखला असतो, असं अडुसष्ट साली मोजणीदार सान्यांनी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात नाकाला रुमाल लावून जाहीर केलं. अंजनाबाईला ते पटलं. बोंबील सुकवायची तिच्या सासऱ्याची जागा एकदा नकाशावर चढली, की बंगलेवाल्यांना तिथे पाय ठेवता येणार नव्हता.

मोजणीच्या दिवशी सकाळीच ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, बांबू, बोंबील, सगला उचला. सायबाला वास सोसत नाय."

"सगला?"

"सगला! झाडून पन घ्या. कागदावर जायची जागा ती, चकाचक दिसू दे."

सान्यांनी जागा मोजली, रुमाल खिशात ठेवला आणि दोन कप चहा घेतला.

दोन महिन्यांनी नकाशा आला.

त्यात तिथे लिहिलं होतं : 'मोकळी जागा. वापर नाही.'