तिकडचा संसार

मुलीनं तिसऱ्यांदा तपासलं आणि कपाळावर हात मारून घेतला. यानानं परक्या ग्रहावरून आणलेल्या गाळात जीव होता. चांगला जिवंत, वाढणारा. माणूस परक्या सूर्यांभोवती शेकडो वर्षं वणवण फिरला, कुठे साधं शेवाळ भेटलं नाही. आणि आता भेटले ते कोण, तर माणसाच्याच कातडीवरचे जंतू! झालं. एवढ्या लांब जाऊन आपलीच ओळख निघाली.

जंतूंबरोबर कातडीची एक बारीक खपलीही आली होती. यंत्र म्हणालं, खपलीची निम्मी जनुकीय खूण तपासणारीशी जुळते. तिला आधी वाटलं, आपलाच हात लागला. पण आपली असती तर सगळीच जुळली असती. निम्मी म्हणजे आई, नाहीतर बाबा. आईनं प्रयोगशाळेचं दारसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आणि ते यान बांधलं जात होतं, तेव्हा बाबा इथे फिटर होते.

तिनं आईला बोलावून घेतलं. आई स्टुलाच्या टोकावर बसली, कुठे काही सांडेल या भीतीनं हात मांडीवर घेऊन.

"आई, बाबा कधी हातमोजे काढून काम करायचे का गं?"

आई हसायलाच लागली. "अगं, बारीक स्क्रू त्यांना हातमोज्यांनी कधी बसवता आला? घरी येऊन म्हणाले होते, 'शेवटचा उघड्या हातानं पिळला, कोणाला बोलू नकोस.' मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही हो. का? काय झालं?"

मुलीनं सगळं सांगितलं. तिकडे एक झरा आहे, बरोबर अंगाइतक्या ऊन पाण्याचा. यान तिथे उतरलं, आणि स्क्रूवरचे जंतू त्या गाळात रुजले. पार काठापर्यंत पसरलेत. परत येताना यानानं तोच गाळ उचलून आणला.

"म्हणजे बघ," आई म्हणाली, "घरात एक कुंडी जगवली नाही या माणसानं, आणि तिकडे जाऊन संसार थाटला!"

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता आईचे डोळे भरून आले. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली होती, तरी आले.

"आता काय करणार यांचं?"

मुलीला सांगवेना. पण सांगणं भाग होतं. "माणसाचं काही मिसळलं की नमुना जाळायचा. तसा नियमच आहे. साहेबांनी भट्टी पेटवायला सांगितलीय."

"आजच?"

"आत्ताच."

आईनं मान हलवली. नियमाशी भांडणारी बाई ती नव्हती. "एकदा बघू तरी दे."

मुलीनं बर्फाच्या पेटीतून काचेची बंद नळी काढली. तळाशी चिमूटभर करडा गाळ होता. आईनं ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले.

"काहीच तर करत नाहीत."

"गारठलेत. जाळायचेच म्हणून मी उबेच्या पेटीतून काढून ठेवले. त्यांना अंगाची ऊब लागते."

"आणि तू बर्फात ठेवलंस? शाबास गं माझी शहाणी!" आईचा आवाज एकदम चढला. तिनं नळी दोन्ही तळव्यांत घेतली, वर स्वेटरची बाही ओढली आणि पोटाशी धरून बसली.

दारावर टकटक झाली. साहेबांचा आवाज आला, "आटपलं का? भट्टी तापलीय."

मुलगी उठली. दारापाशी गेली आणि आतून कडी घातली.

"थांबायला सांग त्यांना," आई म्हणाली. "आत्ता कुठे हात ऊन होताहेत."