बाबांचा पेला
मुलीच्या छातीत घास अडकायचा, पाणीसुद्धा जाळत उतरायचं. “तुझे बाबा गेल्याचं दुःख अडकलंय ते, हळूहळू कमी होईल,” आत्या म्हणायची. मुलीनं ऐकलं नाही. हट्टानं दुर्बिणीतून तपासून घेतलं. अन्ननलिकेत जखम निघाली. बाबा गेल्यापासून दाढदुखीच्या कॅप्सूल ती पडल्यापडल्या, पाण्याशिवाय गिळत होती. त्या तिथंच चिकटत होत्या. डॉक्टरांनी औषध बदललं, म्हणाले, “उभं राहून, भरपूर पाण्याबरोबर घ्या.” बाबा साध्या गोळीलाही स्टीलचा पेला काठोकाठ भरून आणायचे, तो रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. घरी आली, तर आत्यानं तोच पेला बाबांच्या देऊन टाकायच्या कपड्यांत बांधलेला. “डोळ्यांसमोर नको, रडत बसशील.” “बसेन. पण हा कुठं जायचा नाही, औषध आहे माझं.” पेला भरून, गोळी काढून ती ताठ उभी राहिली. “तू कुठं निघालीस, आत्या? संपेपर्यंत समोर उभी राहा.”