दोन अक्षरी घोडा

“घोडा. दोन अक्षरं,” सखुबाईंनी चष्मा सावरत वाचलं.

“अश्व,” संतराम गुरुजी म्हणाले.

“दुसरं अक्षर य हाय. नीट आठवा बरं.”

गुरुजींनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी मान हलवली. “न्हाई बा. य वाला घोडा कुठून आणू मी?”

सखुबाई पेन हनुवटीला टेकवून बसून राहिल्या. अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर कोंबड्या फिरत होत्या. त्यांना हाकलायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“हय!” त्या एकदम ओरडल्या.

“व्हय?”

“व्हय न्हाई हो, हय! तुमीच तर लेकरांकडून घोकून घ्यायचे. अश्व, हय, तुरग. मी चुलीपुढं बसून ऐकायची.”

दोघंही खूप हसले. हसता हसता सखुबाईंनी चौकोनात ‘हय’ लिहिलं आणि चोरून गुरुजींकडं बघितलं. ज्या माणसानं छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याला घोडा सापडू नये?

पूर्वी असं नव्हतं. सकाळच्या एसटीनं त्यांच्या गावात, साखऱ्यात, पेपर यायचा आणि गुरुजी हॉटेलातच उभ्या उभ्या कोडं सोडवून घरी यायचे. सखुबाईंच्या वाट्याला भरलेले चौकोन यायचे.

पोळ्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. “ठेवता कुठं अन् शोधता कुठं,” सखुबाई गुरुजींना म्हणाल्या. मग दोनदा दूध करपलं. गुरुजी तेव्हा शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी होते, पण जाताना गॅस त्यांनीच मोठा करून ठेवला असणार, याबद्दल सखुबाईंना शंका नव्हती. कळमनुरीच्या बाजारातून येताना दोघं भलत्याच फाट्यावर उतरले आणि भर उन्हात दोन कोस चालले. गुरुजी पिशवी घेऊन मागून चालत राहिले. तेव्हा मात्र सखुबाई घाबरल्या. आपण कुठं उतरलो हेही या माणसाला कळू नये?

हिंगोलीत दिलेल्या त्यांच्या लेकीनं, मिनानं, दोघांनाही डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. वार, महिना, गावाचं नाव, असले पोरखेळ विचारले. मग दोघांना समोर बसवून म्हणाले, “रोज शब्दकोडं सोडवा. दोघांनी मिळून. शब्द अडला तर लगेच सांगून टाकायचा नाही, आठवायला वेळ द्यायचा. चुकलं तरी रागवायचं नाही.”

सखुबाईंनी एकेका वाक्याला मान डोलावली. त्या दिवसापासून पेन त्यांच्या हातात आलं.

गावात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. एकदा शेजारचा दिपक पेपर घेऊन ओट्यावर आला. “गुरुजी, ‘गवताची काडी’, दोन अक्षरं. सकाळपासून अडून राहिलो.”

गुरुजींचे ओठ हलले. तेवढ्यात सखुबाई आतून पदराला हात पुसत आल्या. “आत्ताच जेवून बसलेत ते. काहून तकलीफ देतो रे त्यांना?” दिपक पेपर घेऊन परत गेला. चारचौघांत गुरुजींची फजिती होण्यापेक्षा आपण खाष्ट ठरलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

काही शब्दांपुढं तर दोघंही हात टेकत. मग सखुबाई पेपरवाल्यांनाच दोष देत. “ह्ये चुकीचंच छापलं बघा.” गुरुजी लगेच म्हणत, “मलाबी तसंच वाटून राहिलं.”

एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सखुबाईंचा हात थांबला.

“अवो, एक विचारू?”

“विचार की.”

“शब्द जाऊ द्या. माणसं तर न्हाई ना विसरायचे तुमी? मला?”

गुरुजी उठून त्यांच्याजवळ बसले. ताटातले दोन खडे उचलून त्यांनी बाजूला टाकले. “सखू, तुला मी न्हाई विसरणार. कवाच न्हाई.”

“बराबर सांगता ना?”

“एकदम बराबर.”

सखुबाईंनी डोळे पुसले. असल्या आजारात माणसाला कसला भरवसा देता येतो, हे त्यांना कळत होतं. तरी त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

तीन महिन्यांनी पुन्हा हिंगोलीला जायचा दिवस आला. एसटीत चढताना त्यांनी गुरुजींचा दंड घट्ट धरला. खिडकीची जागा त्यांना दिली आणि गर्दीत हे कुठं उतरून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसल्या. गुरुजी बाहेर बघत होते. वाटेत एकेक गाव आलं की त्याचं नाव हळूच घेत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय सखुबाई, कालचं कोडं कसं झालं?”

“यांचे चार शब्द चुकले बघा,” सखुबाई आवाज बारीक करून म्हणाल्या. “पण मी रागावले न्हाई. तुमी सांगितलं तसा वेळ दिला. मग मीच सांगितले चारबी.”

“कोणते कोणते?”

सखुबाईंनी बोटांवर मोजत तीन सांगितले. चौथ्यापाशी थबकल्या. “आता चौथा... ते पेपरातच बघावं लागंल.”

“छान. फार सांभाळता तुम्ही त्यांना. आता जरा बाहेर बसा. गुरुजींशी बोलतो.”

“एकटंच सोडू नका त्यांना,” असं बजावून सखुबाई बाहेर गेल्या. दार लागलं.

डॉक्टरांनी समोरच्या फाइलीत काहीतरी लिहिलं. फाइलीवर सखुबाईंचं नाव होतं. “गुरुजी, आजार तुम्हालाच आहे असं त्यांना अजून वाटतं?”

“व्हय. वाटू द्या. त्यानं तिला भेव वाटत न्हाई, उलट जोर येतो,” गुरुजी म्हणाले. “काल चार शब्द मी मुद्दाम चुकवले, चारबी तिनं बराबर सांगितले. पाचवा होता ‘चढत जाणारी’, तीन अक्षरं. आरोही. आमच्या नातीचं नाव हाय, साहेब. सखूला आलं न्हाई. मग मीबी म्हनलो, मला येत न्हाई.”