चारचा व्यायाम

चार वाजले आणि कुंट्यांच्या अंगणात अंत्यदर्शनाला जमलेल्या ऑफिसच्या मंडळींचे हात एकदम वर गेले. कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मानेवर चिकटवलेली चकती रोज चार वाजता शरीराकडून पाच मिनिटं व्यायाम करून घेई. माणसाने आपलं काम, बोलणं, रडणं खुशाल चालू ठेवावं. या एका सोयीवर शाल्मली टिळेकरने आपल्या चकतीसाठी अडीचशे ऑफिसं गिऱ्हाईक म्हणून मिळवली होती.

हात वर ठेवूनच कुणीतरी हुंदका दिला. शाल्मली हार घेऊन आत गेली आणि दारातच थबकली. कुंट्यांची अंगठी, साखळी, चष्मा, सगळं घरच्यांनी आठवणीने उतरवून ठेवलं होतं. चकती काही दागिना नव्हे, ती तशीच राहिली होती. पांढऱ्या चादरीखालून त्यांचे दोन्ही हात सावकाश वर येत होते.

ती धावली. चकतीला हात घालणार, तोच कुंटेकाकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे गं," नवऱ्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं असतं ना? अजून तीन राहिलीत."