छातीवरची रुई

रुईच्या देठातून चीक गळत होता. बनूने बोटं लुगड्याला न पुसता मातीत घासली. झोळीतलं तिचं लेकरू रडून लाल झालं होतं, पण या हातांनी त्याला घ्यायचा तिला धीर होईना. चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो.

“आले रं सोन्या, एवढं एकच राह्यलं,” ती लांबूनच म्हणाली.

शेवगावच्या सोयऱ्यांनी निरोप धाडला होता. नवरदेवाच्या आणि मानकऱ्यांच्या छातीला फूल पाहिजे, शहरात लावतात तसं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तिसगावात माणसं मिलोची, रेशनवरच्या त्या तांबड्या परदेशी ज्वारीची, भाकरी खात होती, झेंडू कुठून आणायचा? बांधावर फक्त रुई फुलली होती, जांभळी, टणक. बनूने फुलांमागे कडुलिंबाचा कोवळा पाला ठेवला, केकताडाच्या पानातून काढलेल्या वाखाच्या दोऱ्याने बांधला, टाचणीच्या जागी बाभळीचा काटा खोचला. दिसायला देखणी झाली होती.

“मारुतीला घालायची फुलं नवरदेवाला?” तिचे वडील सहादेव दारातून म्हणाले. “सोयरे चिडून उठून गेले तर? रंगूला मंग कोन करनार?”

आई गेल्यापासून धाकट्या बहिणीला, रंगूला बनूनेच वाढवली होती. रुई लग्नात आणू नये, एवढं तिने ऐकलं होतं. का, ते माहीत नव्हतं. स्थळ तर चांगलं होतं. किराण्याचं दुकान, दोन वेळचं पोटभर. नवरा बिजवर, पहिली बायको काविळीने गेलेली. खोट म्हणावी तर एवढीच.

वऱ्हाड आलं. राखेने हात घासघासून बनू सूप घेऊन पुढे झाली. नवरदेवाची चुलती आक्काबाई हसत आली. तिने सुपात बघितलं आणि तिचं हसू गेलं. बनूने मान खाली घातली. आता चार लोकांत काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

आक्काबाई ओरडली नाही. तिने बनूचा दंड धरला, तिला मांडवाच्या कडेला ओढलं आणि कुजबुजली, “कुनी सांगितलं तुमाला?”

“काय वो मावशी?”

“सोंग नगं करू. रुई काय उगाच आनलीस व्हय? अगं, ते आमी करूनच आलोय. तिसरं लगीन म्हनून आधी रुईच्या झाडासंगं लावलं त्याचं. तिसरीवरचं मरान त्या झाडानं घेतलं. तुझी भन आता चौथी. तिला काय व्हत न्हाई बघ.”

सूप बनूच्या हातातून कलंडलं. फुलं मातीत सांडली.

“आमाला तर एकच मेल्याली सांगितली व्हती,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. “दुसरी कशानं गेली?”

आक्काबाईने इकडेतिकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला.

“तीबी पहिलीसारखी हिरीतच गेली गं.”

वाजंत्री सुरू झाली. नवरीला आणा म्हणून मांडवातून कोणीतरी हाळी दिली. बनूने झोळीतलं लेकरू उचललं, नवरी होऊन बसलेल्या रंगूच्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.